‘तसं काही नाही’च्या पुढे

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत आम्ही तिघं पंधरा दिवस मुक्काम ठोकून होतो. ओतलेला नग मशीनवर चढला की कातडीखालची भोकं उघडी पडत आणि नग भंगारात जाई. ही भोकं, म्हणजे ब्लोहोल, एकाएकी का वाढली ते शोधायला मालकांनी आम्हाला बोलावलं होतं. पहिल्या चार दिवसांत आम्ही अकरा जणांशी बोललो. त्यात व्यवस्थापक होते, मेल्टिंगचे सुपरवायझर होते, वाळूच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ होता, मोल्डर होते. अकराही जणांनी एकच उत्तर दिलं: वाळूत ओल जास्त होते. माझ्या वहीत ते वाक्य अकरा वेळा उतरलं होतं आणि आमच्यातल्या सगळ्यात तरुण सहकारिणीने त्यावर अहवालाचा मसुदाही लिहायला घेतला होता.

पाचव्या दिवशी दुसऱ्या पाळीत मी एका वयस्कर मोल्डरपाशी जाऊन उभा राहिलो. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो होतो. ‘मामा, ब्लोहोल का येतात?’ असं मी तोवर त्यांना दोनदा विचारलं होतं आणि ‘वल जास्त हुतीया’ हे दोनदा ऐकलं होतं. त्या रात्री मी प्रश्न बदलला. ‘काल तुमच्या हातचा कुठला नग परत आला?’ ते काही बोलले नाहीत. हात पुसले, मला भंगाराच्या ढिगाकडे नेलं आणि एक हाउसिंग उचलून दाखवलं. हे किती वाजता ओतलं होतं? ‘धाच्या सुमाराला.’ संध्याकाळचे नग बरे होते? ‘बरे हुते.’ मग दहाला काय वेगळं होतं? यावर ते थोडे थांबले. मला पुन्हा आपल्या जागेवर घेऊन आले आणि हॉपरखाली सांडलेल्या वाळूकडे बोट करून म्हणाले, ‘हात घाला की हितं.’

मी हात घातला. वाळू गरम होती. चटका बसत नव्हता, पण मूठ फार वेळ धरवत नव्हती. साचा फोडल्यावर सुटलेली वाळू पट्ट्यावरून परत मिक्सरला जाते. तिथे पाणी आणि बेंटोनाइट मिसळून ती पुन्हा साच्यासाठी येते. नवी ऑर्डर आल्यापासून पाळीमागे साच्यांची संख्या वाढली होती आणि तीच वाळू गार व्हायच्या आत पुन्हा फिरत होती. रात्रभर पडून राहिलेली वाळू सकाळी सातला गार असे, रात्री नऊनंतर तापलेली असे. गरम वाळूतलं पाणी वाटेतच उडतं, साचा भुसभुशीत होतो, मोल्डर ओरडतो आणि मिक्सरवाला अंदाजाने पाणी वाढवतो. ‘गार व्हायला येळच न्हाई तिला,’ मामा म्हणाले. तंत्रज्ञ सकाळी आणि दुपारी ओल मोजून सहाला घरी जात होता. वाळूचं तापमान लिहायला रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता.

अकरा जणांचं उत्तर खोटं नव्हतं. ओल खरोखरच बिघडत होती. पण बैठकांमधून ते उत्तर इतक्यांदा बोललं गेलं होतं की त्याच्या मागे अजून काही असेल असं कुणाला वाटत नव्हतं, आणि मलाही वाटलं नव्हतं. मामांच्या हाताला गरम वाळू रोज लागत होती. मी ‘का’ विचारत होतो तोवर ती सांगण्याजोगी गोष्ट आहे हे त्यांच्याही मनात आलं नाही. ‘कालचा नग कुठला’ म्हटल्यावर त्यांचे पायच त्यांना तिकडे घेऊन गेले.

मसुदा लिहायला घेतलेली ती सहकारी म्हणजे या पुस्तकाची लेखिका. सल्लागाराने माणसांशी कसं बोलावं, काय विचारावं, ऐकलेल्याचं काय करावं यावर मराठीत पुस्तक लिहायचं तिच्या मनात तेव्हापासून होतं. त्याची प्रस्तावना मी लिहावी असा तिने आग्रह धरला आणि मी आनंदाने होकार दिला. हा विषय मला माझ्या धंद्याच्या अगदी मुळाशी असलेला वाटतो. आम्ही आकडे मांडतो, तक्ते काढतो, पण कुठले आकडे मागायचे हे बहुतेक वेळा कुणीतरी सांगितलेल्या एखाद्या वाक्यामुळे कळतं. ते वाक्य निसटलं, तर पुढचं सगळं काम नीटनेटकं होऊनही चुकीच्या ठिकाणी होतं.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. मराठीत ‘मुलाखत’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात: नोकरीसाठीची, नाहीतर दिवाळी अंकातली. ‘तुमची मुलाखत आहे, केबिनमध्ये या’ असा निरोप गेला की माणूस हातपाय धुऊन, शर्ट बदलून येतो आणि परीक्षेला बसल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो. येण्याआधी सुपरवायझरने ‘नीट बोल’ म्हणून बजावलेलं असतं. बाहेरची माणसं वही घेऊन आली आणि वर्षभरात व्हीआरएस आली, हेही अनेक घरांनी पाहिलेलं आहे. म्हणून समोरचा आधी मनातल्या मनात आपल्याला विचारतो: हा कुणाचा माणूस? आणि तोंडाने म्हणतो, ‘तसं काही नाही.’

या तीन शब्दांवर लेखिकेने एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण तेच. ‘तसं काही नाही’मध्ये ‘तसं’ आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तसं नाही, दुसरं काहीतरी आहे. ‘चाललंय की’ म्हणजे चालवून घेतलं जातंय. ‘वरच्यांना माहीत’ म्हणजे मलाही माहीत आहे, पण सांगायची जागा ही नव्हे. ही उत्तरं ऐकून वहीत ‘अडचण नाही’ असं लिहिणारे तरुण मी पाहिले आहेत. इथे घाई न करता गप्प राहायचं, मशीनकडे बघत राहायचं, हातातला चहा संपवायचा. बऱ्याचदा पुढचं वाक्य आपोआप येतं, आणि ते ‘म्हणजे कसं आहे बघा’ असं सुरू होतं.

ऐकण्याचं हे शहाणपण उद्योगजगतालाही एकदा चुकून शिकावं लागलं. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. उजेड वाढवला की उत्पादन वाढतं का, हे तपासणाऱ्या तिथल्या १९२४ पासूनच्या प्रयोगांबद्दल व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेलं असतं. त्यानंतर तिथे काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही, आणि आमच्या कामाला ते जास्त जवळचं आहे. १९२८ च्या सप्टेंबरात कंपनीने तपासणी विभागातल्या सुमारे १६०० कामगारांशी बोलायला सुरुवात केली. प्रश्न ठरलेले होते: देखरेख कशी वाटते, कामाची परिस्थिती कशी आहे, काम आवडतं का. कामगार या प्रश्नांना थोडक्यात उत्तर देत आणि मग भलत्याच विषयावर बोलू लागत. मुलाखत घेणारा त्यांना वळवून परत प्रश्नावर आणी आणि ते पुन्हा तिकडेच जात. शेवटी १९२९ मध्ये पद्धतच बदलली. विषय कामगाराने निवडायचा, मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही. अर्ध्या तासात आटोपणारं बोलणं सरासरी दीड तासावर गेलं. १९३० अखेरपर्यंत २१ हजारांहून अधिक जणांशी असं बोलून झालं होतं.

रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ मध्ये या सगळ्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक कामगार येतो. त्याची तक्रार अशी की नगामागचा दर फार कमी आहे. बोलता बोलता कळतं की त्याची बायको इस्पितळात आहे आणि डॉक्टरांची बिलं कशी भागवायची या चिंतेत तो आहे. तक्रारीतला दर आणि त्याच्या मनातला दर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ती तक्रार ‘दर कमी’ अशीच गेली असती आणि त्यावर उपाय शोधणारा माणूस भलतीकडेच खणत बसला असता.

पण हॉथॉर्नची दुसरी बाजूही वाचकाने ध्यानात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. डॅनियल बेल यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी या परंपरेवर कडक टीका केली. माणसाचं ऐकून घ्यायचं, त्याचं मन हलकं करायचं आणि परिस्थिती आहे तशीच ठेवायची, हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो मला पटतो. बोलून बरं वाटावं म्हणून कामगार आमच्याशी बोलत नाही. आपण जे सांगतोय त्याने काहीतरी हलेल म्हणून तो पाळीनंतरचा अर्धा तास देतो. ज्या कामात काही हलवण्याचा मालकांचा इरादाच नसेल, तिथे मुलाखती घेऊच नयेत.

नुसतं ऐकल्याने सल्लागाराचं भागत नाही. त्याला विचारावं लागतं, आणि कसं विचारायचं याचा माझ्या मते सगळ्यात चांगला धडा विमानांमधून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायोतल्या राइट फील्ड तळावर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स हे दोन मानसशास्त्रज्ञ वैमानिकांच्या चुकांचा अभ्यास करत होते. कॉकपिटची रचना तुम्हाला कशी वाटते, असं त्यांनी विचारलं असतं तर ‘ठीक आहे, सवय होते’ असं उत्तर आलं असतं. त्यांनी विचारलं: कॉकपिटमधला एखादा दांडा, खटका, कळ वापरताना तुमच्या हातून किंवा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातून झालेली एक चूक तपशीलवार सांगा. असे ४६० प्रसंग जमले. १९४७ च्या त्यांच्या अहवालात दिसतं की त्यातले निम्मे प्रसंग एकाच प्रकारचे होते: एका कळीऐवजी दुसरीला हात गेला. फ्लॅप समजून चाकं ओढली गेली, अशा तऱ्हेचे. त्या कळी शेजारी शेजारी होत्या, आकाराने सारख्या होत्या, एका विमानात एका जागी तर दुसऱ्यात दुसऱ्या जागी होत्या. तोवर या सगळ्याला ‘वैमानिकाची चूक’ म्हणत. प्रसंग ऐकल्यावर चूक कॉकपिटमध्ये दिसू लागली. पुढे १९५४ मध्ये जॉन फ्लॅनागन यांनी याच वाटेने जाणारी पद्धत शास्त्रशुद्ध मांडली आणि ती रुग्णालयांपासून शाळांपर्यंत सगळीकडे गेली.

मी शिकवताना एवढंच सांगतो: मत विचारू नका, मागची वेळ विचारा. ‘डिस्पॅचला उशीर का होतो?’ याला उत्तर मिळतं ‘प्लॅनिंगचा घोळ’. ‘मागची गाडी कधी निघायची होती आणि कधी निघाली?’ म्हटलं की माणूस आठवायला लागतो. गाडी चारला लागली होती, चलन तयार होतं, सही करणारे साहेब पुण्याला गेले होते, फोन लावला, मग साडेसातला निघाली. त्याच्या आधीची गाडी? तीही सहीसाठीच थांबली होती, की दुसऱ्या कशासाठी? दोन प्रसंगांत खरं काय ते कळत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं. हीच पद्धत मालकांशी बोलतानाही लागू पडते, किंबहुना जास्तच. मालक, संचालक यांना बोलायची सवय असते. त्यांचं दहा वर्षांपुढचं चित्र तयार असतं. त्यांना मी विचारतो, ‘गेल्या वर्षात तुम्ही ठरवलेली कुठली गोष्ट झाली नाही?’ बहुतेक जण जरा मागे टेकून बसतात आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

आठवणही फसवते. ज्या रात्री नग वाया गेले ती रात्र माणसाच्या ध्यानात राहते. ज्या रात्री सगळं सुरळीत होतं ती राहत नाही. म्हणून मामांच्या वाळूत हात घातल्यावर आम्ही अहवाल लिहायला बसलो नाही. सहा दिवस दर तासाला वाळूचं तापमान मोजलं आणि शेजारी त्या तासातले खराब नग लिहिले. एकाच्या सांगण्यावर सगळा डोलारा उभा करायचा नाही, हे लेखिकेने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, ते योग्यच आहे.

नोंदींबद्दल माझं तिच्याशी थोडं जमत नाही. ती म्हणते, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. साहेबांनी पाठवलेल्या पाहुण्याला ‘नको’ म्हणण्याची सोय कामगाराला नसते, म्हणून त्या परवानगीला मी परवानगी मानत नाही. दोघांनी जावं, एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं, आणि त्याच संध्याकाळी दोघांनी बसून वही भरून काढावी. रात्र उलटली की त्याचे शब्द जातात आणि आपले येतात. आमच्याकडे तर अजून एक धोका आहे: बोलणं मराठीत होतं, अहवाल इंग्रजीत जातो. ऑपरेटर म्हणतो, ‘मशीन रुसलंय.’ अहवालात त्याचं ‘ब्रेकडाउन’ होतं. पण रुसलेलं मशीन थोड्या वेळाने आपोआप चालू होतं, मोडलेलं होत नाही. त्या एका शब्दात बिघाड कुठल्या जातीचा आहे हे त्याने सांगून टाकलेलं असतं. ‘ॲडजस्ट केलं’ हाही असाच शब्द. काय, कुठे, किती, कुणाला न विचारता, हे सगळं त्यात झाकलेलं असतं. म्हणून वही मराठीतच ठेवावी, आणि तीही त्याच्याच मराठीत.

आता एक गोष्ट जी मला आजही त्रास देते. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याच्या अहवालात मी लिहिलं होतं की, देखभाल विभागातल्या एका अनुभवी फिटरच्या म्हणण्यानुसार सुटे भाग वेळेवर मागवले जात नाहीत. नाव लिहिलं नव्हतं. त्या विभागात फिटर तीन होते आणि त्यातल्या दोघांना लागून वर्षही झालं नव्हतं. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा ते अनुभवी फिटर गेटवर भेटले. त्यांना सलग रात्रपाळी लागली होती. मला म्हणाले, ‘साहेब, तुम्ही नाव लिहिलं नव्हतं, ते खरं आहे.’ आणि आत गेले. मी व्यवस्थापकांशी बोललो, पाळी बदलली, पण ते त्यानंतर माझ्याशी कामाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी मला खरं सांगितलं होतं आणि ते सांभाळायची अक्कल माझ्याकडे नव्हती.

तेव्हापासून अहवालातल्या प्रत्येक वाक्यापुढे मी पेन्सिलने एक आकडा लिहितो: हे वाक्य किती जण बोलू शकले असते? तो आकडा लहान असेल तर वाक्य काढून टाकतो आणि तीच गोष्ट रजिस्टरमधून, नोंदींमधून सिद्ध करतो. सुटे भाग कधी मागवले आणि कधी आले हे स्टोअरच्या कागदांवर असतंच. आणि बोलणं सुरू करण्याआधी समोरच्याला साफ सांगतो की मी काय पाळू शकेन आणि काय नाही. तुमचं नाव जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असलेली गोष्ट कळली तर मला ती सांगावीच लागेल. हे ऐकून काही जण कमी बोलतात. बोलतात ते मात्र जाणूनबुजून बोलतात.

मुलाखतीतून निघालेलं उत्तर मालकांआधी कुणाला दाखवायचं, हाही प्रश्न या पुस्तकात आहे, आणि त्यासाठी अहमदाबादची एक जुनी हकीकत आठवते. कॅलिको मिल्समध्ये स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन वाढत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. २२४ माग, २९ माणसं, आणि कामं बारा प्रकारची. कुणाचं काम कुणाच्या आधारावर आहे हे माणसांना कळेनासं झालं होतं. ठरावीक माग एका गटाकडे सोपवावेत अशी कल्पना चर्चेत निघाली. ती शेडमध्ये पोचल्यावर कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती उचलून धरली आणि गट कसे पाडायचे ते स्वतःच ठरवून आणलं. राइस यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलं आहे. बाहेरून आलेल्या माणसाने अर्धं सांगितलं आणि उरलेलं मागावरच्या माणसांनी पुरं केलं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

शिरोलीत आम्हीही मालकांची परवानगी घेऊन कागद आधी मोल्डिंगच्या शेडमध्ये नेले. सहा दिवसांचा तापमानाचा आलेख होता, आणि लेखिकेने काढलेला वाळूच्या फेऱ्याचा नकाशा: साचा फुटतो तिथून पट्टा, पट्ट्यावरून मिक्सर, तिथून हॉपर, नवी वाळू कुठे पडते, पाणी कुठे सुटतं. दुसऱ्या पाळीचे आठ-दहा जण भोवती उभे राहिले. आलेखाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मामांनी मात्र नकाशा हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि मिक्सरच्या चौकोनावर बोट ठेवलं. ‘नवी वाळू हितनं न्हाई पडत. पावसाळ्यात ते शेड गळायला लागल्यापासनं पोती पलीकडं ठिवत्यात. ती बी तिथनंच टाकत्यात, मिक्सरच्या म्होरं.’ म्हणजे गार, कोरडी नवी वाळू मिक्सरमध्ये न मिसळता थेट हॉपरमध्ये जात होती, आणि आमच्या कुणाच्याच वहीत ते नव्हतं. लेखिकेने तिथेच एका पोत्यावर कागद टेकवला, जुना बाण खोडला आणि मामा बोटाने दाखवत होते तिथून नवा काढला.